खरखरीत पट्टी

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. टाईप करायला घेतलं, पुसलं, परत घेतलं. कारण यात आमच्या घरातले सगळेच थोडे थोडे येडे दिसतात, आणि मी जरा जास्तच. ताईला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही लिही, तुला दुसरं काम काय आहे?" म्हणजे नको. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लिही की. फक्त मला शहाणी दाखव." आई, तू यात शहाणीच आहेस, काळजी करू नकोस. आणि ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय तो काहीच म्हणाला नाही. तो कधीच काही म्हणत नाही. सगळी भानगड तिथेच आहे.

त्याला मी ओळंबा म्हणतो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी सोडतात ना, ते. हा तसाच. उंच, बारीक, सरळ, आणि लटकवला तर दिवसभर एका जागी गप्प राहील. काम फरशी बसवायचं. त्याच्या हातची फरशी बघायला लोक चप्पल काढून येतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मशिनी उघडून, व्हिडिओ बघून, बिघडवून शिकलो. आमची ओळख झाली तीच एका बिघडवलेल्या कामावर. एका घरात मी मशीनचा पाईप बसवला आणि याने तिथे नवी फरशी बसवली होती. पाईप सुटला. बादल्यांनी पाणी. दुसरा कुणी असता तर माझी गचांडी धरली असती. हा दारात उभा राहून पाण्याकडे बघत राहिला. सगळं पाणी हळूहळू, शहाण्या पोरासारखं जाळीकडे गेलं. मग हा म्हणाला, "ढाळ बरोबर आहे." बस. त्या दिवसापासून माझा जिगरी.

मीच त्याला घरी आणला. आमच्या भाड्याच्या घरातली मोरी उखडली होती म्हणून. एवढीशी मोरी, मांजर आडवं झालं तर भरेल. तिला याने तीन आठवडे लावले. मला वाटलं, किती बारकाईने करतोय! मला नंतर कळलं की ताई रोज चहा द्यायला मोरीच्या दारात उभी राहायची. मग लग्न झालं, आणि आईने मला बजावलं, "आता त्याला भावोजी म्हणायचं." घरात भावोजी, बाहेर ओळंब्या. सात वर्षं मी हे सांभाळलं. एकदा चुकून सगळ्यांसमोर "भावोज्या" म्हणालो तेव्हा ताईने मला लाटणं दाखवलं होतं.

ताई आणि ओळंब्याने मिळून कर्ज काढून घर घेतलं. बैठं, मागे थोडी मोकळी जागा. आई आणि मी त्यांच्याकडेच राहायला आलो. मागच्या खोलीत मी आणि माझ्या मेलेल्या मशिनी.

आता ती दोघं वेगळी का झाली ते विचाराल. मलाही लोक विचारतात, आवाज खाली करून, डोळे मोठे करून. त्यांना काहीतरी चमचमीत हवं असतं. नाही हो तसलं काही. ताई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर बोलून येते आणि घरी येऊनही तिला बोलायला हवं असतं. ती विचारायची, "बाहेर जाऊ या की घरीच बसू या?" हा म्हणायचा, "कसंही." पडदा निळा घेऊ की पिवळा? कसंही. माझ्यावर रागावलायस का? कसंही! म्हणजे हे शेवटचं मी वाढवून सांगतोय, पण फार नाही. बाहेर याला एका सांध्यात केसाएवढा फरक चालत नाही आणि घरात सगळं कसंही. ताई म्हणाली, "माझ्यापेक्षा सिमेंटशी जास्त बोलतो हा." एकदा जोरात भांडले असते तर बरं झालं असतं. भांडले नाहीत. शेवटी शांतपणे, चहा पिता पिता ठरवलं. हा लाकडाच्या वखारीवरच्या खोलीत राहायला गेला. जाताना एक बॅग आणि फरशी कापायचं मशीन. मी बॅग उचलायला गेलो तर म्हणाला, "मशीन तू उचलू नकोस. पाडशील."

कोर्टाचं काम रीतसर झालं. राहिलं घर.

आणि घर म्हणजे आमच्यासाठी काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईला काचबिंदू आहे. नजर हळूहळू गेली. ताई जगाला चष्मे घालते आणि आईला एकही चष्मा चालत नाही, त्यावर आईच विनोद करते, आम्हाला जमत नाही. तर नजर कमी व्हायला लागली तशी आई भिंत धरून चालायला लागली, मग खुर्ची धरून, मग बसूनच राहायला लागली. "हाक मारत जा गं," ताई म्हणायची. आई हाक मारायची नाही. पाण्यासाठी हाक मारायची लाज वाटायची तिला.

ओळंबा तेव्हा घरातच राहायचा. एक दिवस तो कामावर गेलाच नाही. आमच्याच घरातली फरशी उखडायला बसला. गुळगुळीत, चकचकीत फरशी होती, त्यानेच जीव लावून बसवलेली. तिच्यातून त्याने एक पट्टी काढली, पाऊल मावेल एवढी रुंद, आणि तिथे खरखरीत, उभ्या रेघांच्या फरश्या बसवल्या. आईच्या पलंगापासून निघते, न्हाणीघरापर्यंत जाते, तिथून स्वयंपाकघरात, तिथून पुढच्या दारापर्यंत. जिथे वळायचं तिथे रेघा आडव्या. पायाला कळतं, आता वळ. आई अनवाणी त्यावर उभी राहिली, दोन पावलं गेली, आणि मग जी निघाली ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओरडली, "चहा कोण कोण घेणार?" मी तेव्हा मागे होतो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. सिमेंट असेल.

तेव्हापासून आई या घरात एकटी फिरते. फक्त या घरात. बाहेर दुसरीकडे कुठेही ती खुर्चीत बसलेली बाई आहे.

म्हणून घर राहायला हवं होतं.

बँकेत आम्हाला समजावलं ते असं. जुनं कर्ज दोघांच्या नावावर. ते बंद करायचं आणि नवं कर्ज एकट्या ताईच्या नावावर काढायचं. त्यातून जुनं फिटेल आणि ओळंब्याचा अर्धा वाटा त्याला मिळेल. मग घर ताईचं. आता अर्धा वाटा म्हणजे किती? तर बँकेचा माणूस येऊन घराची किंमत ठरवेल, त्यावर. आणि ताईच्या पगारावर बँक एका मर्यादेपर्यंतच कर्ज देणार. किंमत त्याच्या वर गेली तर ताईला झेपणार नाही. मग घर विकायचं, पैसे वाटून घ्यायचे, आणि आई दुसऱ्या कुठल्यातरी गुळगुळीत घरात खुर्चीत.

कळलं ना? आम्हाला किंमत कमी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा आपलं घर वाईट दिसावं अशी इच्छा होती.

त्या माणसाच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला किंमतवाला म्हणायला लागलो. तो येणार म्हटल्यावर मी घरात मीटिंग घेतली. म्हटलं, "हे बघा, कुणी काही करायचं नाही. भिंतीवरचा ओलीचा डाग आहे तसा ठेवायचा. माझ्या दोन मशिनी मी दिवाणखान्यात आणून ठेवतो. घर गोडाऊन वाटलं पाहिजे."

"बरं," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर घरातून फिनेलचा वास. ताई स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती.

"हे काय?"

"परका माणूस घरात येणार. कोळ्याची जाळी दिसली तर काय म्हणेल?"

"अगं, जाळी दिसायलाच हवी! जाळी आपल्या बाजूने आहे!"

"जाळी पुसल्याने किंमत वाढते का कुठे? उगाच आपलं."

मग नवे पडदे आले. म्हणे सेल होता. ओलीच्या डागावर तिने फुलांचं चित्र लावलं. मी चित्र काढून ठेवलं. तिने परत लावलं. मी परत काढलं. शेवटी आई पलंगावरून म्हणाली, "अरे किती वेळा खिळा वाजवताय? एकदाचं ठरवा, बघवत नाही मला." आणि स्वतःच हसली.

मी आईलाही शिकवलं. "आई, तो असेपर्यंत तू पलंगावरून उठायचं नाहीस. तू त्या पट्टीवरून अशी भराभरा चाललीस ना, तर त्याला वाटेल, वा, काय सोय केलीय घरात, आणि लिहील चार पैसे जास्त."

"म्हणजे मी आजारी आहे असं दाखवू?"

"नुसती बस गं."

"मी कण्हू का थोडं?"

"कण्हायचं नाही!"

किंमतवाला आला. वयाने माझ्यापेक्षा थोडाच मोठा, गळ्यात ओळखपत्र, हातात लांबी मोजायचं यंत्र, त्यातून भिंतीवर लाल ठिपका पडायचा. वागायला एकदम गोड. प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "छान, छान." मी खूश होऊन त्याच्या खांद्यावरून बघितलं तर छान म्हणताना लिहीत होता, 'खिडकीच्या चौकटीला वाळवी.' मग माझ्या लक्षात आलं, याच्या छानवर जायचं नाही.

नियमाप्रमाणे घराचे दोन्ही मालक हजर हवे होते. म्हणून ओळंबाही आला. धुतलेला शर्ट घालून, दारात पाव्हण्यासारखा उभा. आईने आतूनच ओळखलं, त्याच्या चालण्यावरून. "जावईबापू, जेवलात का?"

ताई म्हणाली, "आई, ते आता जावई नाहीत."

"मग काय उपाशी ठेवू?"

आता बघा गंमत. घर ज्याला विकत घ्यायचंय त्याने नावं ठेवायची, आणि ज्याला विकायचंय त्याने कौतुक करायचं. जगभर हेच चालतं. आमच्याकडे उलटंच सुरू झालं.

ताई पुढे आणि किंमतवाला मागे. "हा ओटा बघा, एकसंध दगड आहे. ह्या खिडकीतून सकाळी इतकं सुंदर ऊन येतं ना! आणि पाणी? चोवीस तास." मी मागून खोकलो. ती थांबली नाही. मी इतका खोकलो की किंमतवाला म्हणाला, "औषध घ्या काहीतरी."

मी ताईला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाठलं. "तू काय करतेयस? घर दुसऱ्याला खपवतेयस का?"

"मला नाही येत रे आपल्या घराला वाईट म्हणता," ती कुजबुजली. "तोंड उघडलं की चांगलंच बाहेर पडतं."

आणि तिकडे ओळंबा. ज्याला घर महाग ठरलं तर जास्त पैसे मिळणार होते, तो वाकून भिंतीला कान लावत होता. "इथे प्लास्टर सुटलंय," तो म्हणाला. पुढे गेला. "या नळाची जोडणी कच्ची आहे. गच्चीचा उतार चुकलाय, पाणी साठतं." किंमतवाला भराभरा लिहायला लागला. याचं काही डोकं वगैरे चाललेलं नव्हतं हं, हे मी मित्र असूनही सांगतो. याला खोटं काम बघवतच नाही. दुसऱ्याच्या प्लास्टरला चांगलं म्हणण्यापेक्षा तो घर फुकट देईल.

सगळं जमत आलं होतं. मी मनात हिशोब करत होतो, प्लास्टर आपल्या बाजूने, गच्ची आपल्या बाजूने, पडदे विरुद्ध बाजूने.

मग किंमतवाला खाली वाकला. फरशीवर हात फिरवला. खिशातून एक काचेची गोटी काढली, हो, गोटी, आणि जमिनीवर ठेवली. गोटी जागची हलली नाही. दुसऱ्या खोलीत ठेवली. नाही हलली. "छान," तो म्हणाला, आणि या वेळी छानच लिहिलं. "असलं काम हल्ली बघायला मिळत नाही. पूर्ण घरात अशी फरशी म्हणजे किमतीत चांगलाच फरक पडतो."

ओळंब्याने बसवलेली फरशीच घर घालवणार होती.

ताईचा चेहरा उतरला. तिलाही आता कळलं. ती पडद्याची कड हातात धरून उभी राहिली, जणू पडदा आता काढला तर चालेल का असं विचारत होती.

किंमतवाला पुढे सरकला आणि त्याचा बूट पट्टीवर पडला. थांबला. मागे बघितलं, पुढे बघितलं. "अरे. हे काय? एवढ्या सुंदर फरशीत ही खरखरीत पट्टी? तुकडे कमी पडले होते का?"

त्याने पट्टीच्या मागे मागे जात पूर्ण घर फिरून बघितलं. "सगळीकडे आहे ही. वेगळा रंग, वेगळी जात. रेघा कुठे उभ्या, कुठे आडव्या. हे जाणूनबुजून केलंय की चुकलंय?"

आता तुम्ही ओळंब्याला ओळखत नाही. माझ्यासमोर एकदा एका गिऱ्हाईकाने त्याला म्हटलं होतं, "हा सांधा जरा तिरका वाटतो," तर याने अख्खी भिंत पहाटेपर्यंत उखडून परत बसवली होती, एक पैसा न घेता, आणि सांधा आधीही सरळच होता. अशा या ओळंब्याने आता आईच्या पलंगाकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे. कान लालबुंद.

"चुकलंय," तो म्हणाला.

"कुणी बसवलं?"

"मीच."

"फरशी तुम्हीच बसवली आणि पट्टी पण तुम्हीच?" किंमतवाल्याला खरंच वाईट वाटलं. "मग असं कसं झालं?"

"तेव्हा मला नीट येत नव्हतं."

आणि ताई पेटली. सात वर्षांत कधी नाही ती आत्ता पेटली. "चुकलंय? काय चुकलंय? ती पट्टी..." मी बघितलं, आता ही सगळं सांगणार. पट्टी कशासाठी, कुणासाठी, किती विचार करून. आणि किंमतवाला लिहिणार, छान.

मला काही सुचलं नाही. मी दिवाणखान्यात आणून ठेवलेल्या मशीनचं बटण दाबलं. आत एका बाजूला जुनं जाजम कोंबलेलं होतं. मशीन फिरायला लागली, मग उड्या मारायला लागली, मग धडाम धडाम करत किंमतवाल्याच्या दिशेने चालायला लागली. तो भिंतीला चिकटला. "ही चालते का?" तो ओरडला.

"चालते ना! दिसत नाही का!" मी ओरडलो.

मशीन बंद केली तेव्हा सगळ्यांचे कान वाजत होते. ताईने परत तोंड उघडलं. पण तेवढ्यात पलंगावरून आईचा आवाज आला, एकदम बारीक, म्हातारा, असा आवाज आईचा नाहीच.

"साहेब, बरं झालं तुम्ही विचारलंत. किती दिवस सांगतेय मी, काढून टाका ती पट्टी. पायाला टोचते हो. म्हाताऱ्या माणसाने चालायचं कसं?"

ताईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"खरंय आजी," किंमतवाला म्हणाला, आणि लिहिलं. या वेळी मला वाचायची गरज नव्हती. तो लिहिताना स्वतःशीच पुटपुटत होता, "फरशीचं काम सदोष... पूर्ण बदलावी लागेल."

शेवटी आई थोडी कण्हलीही. सांगितलं होतं तरी.

तो गेला. फाटक लागल्याचा आवाज आला आणि ताई ओळंब्याकडे वळली.

"या घरात तू एक गोष्ट मनापासून केलीस. एक. आणि तिला तू चूक म्हणालास?"

हा वाकून पट्टीतला एक सांधा बोटाने तपासायला लागला.

"बोल ना. आता तरी बोल."

गप्प.

"ठीक आहे. मी त्यांना फोन करते. सांगते, ते खोटं बोलले. मला कुणाची मेहेरबानी नको. तुझा वाटा कमी करून घर घ्यायला मी काय भीक मागतेय?" तिने खरंच फोन उचलला. आणि ताईला मी ओळखतो. दुकानात कुणाला चुकून दोन पैसे जास्त लावले तर त्याच्या घरी जाऊन परत देऊन येते. तिने तो फोन केला असता. घर गेलं असतं तरी केला असता.

मी म्हटलं, "ताई, थांब गं." आईने म्हटलं, "ठेव तो फोन." कुणाचं ऐकते ती!

"ते खोटं नाही," ओळंबा म्हणाला.

ताईचा अंगठा थांबला.

"घर विकलं असतं तर नव्या मालकाने पहिल्या दिवशी काय केलं असतं? पट्टी उखडली असती. त्याला कशाला हवीय ती? त्याच्यासाठी ती खराबच फरशी आहे. तो खर्च येणारच. म्हणून किंमत कमीच. मी खोटं नाही बोललो." त्याने श्वास घेतला. मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. "आणि पट्टी घरात धरायचीच नाही. ती आईंना दिली होती मी. दिलेल्या गोष्टीची वाटणी होत नाही. घर अर्धं अर्धं करू. पट्टी नाही."

लग्नापासून आजपर्यंत एका दमात इतकं बोलताना मी त्याला ऐकलेलं नाही. आई पलंगावर ताठ बसली होती. मशीनमधलं जाजम खाली पडलं, थप्प.

ताईने फोन ओट्यावर ठेवला. कच्च्या जोडणीचा तो नळ तिने उगाच घट्ट पिळला.

"हे असं आधी बोलला असतास तर," ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. मग म्हणाली, "पण चूक म्हणायचं नाही. माझ्यासमोर तरी नाही."

"बरं."

"आणि 'मला नीट येत नव्हतं' म्हणे! कुणी विश्वास ठेवला असता का त्यावर?"

"ठेवला की," आई म्हणाली. "माझ्यामुळे." आणि पलंगावरून उतरली, पट्टीवर पाय ठेवला आणि तरातरा स्वयंपाकघराकडे निघाली. "चला, दोघं भांडलात एकदाचे. मला वाटलं होतं मी मरायच्या आधी ऐकायला मिळत नाही. चहा कोण कोण घेणार?"

काही लोकांना आता वाटेल, चला, परत एकत्र येणार. मलाही क्षणभर वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. नाही आले. चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि ओळंबा वखारीवर गेला. ताईने पडदे काढून धुवायला टाकले, आणि मशीन माझी म्हणून मलाच धुवायला सांगितले.

बँकेचं पत्र आलं ते ताईच्या मर्यादेच्या आतलं. थोडक्यातच आतलं, पण आतलं. सही करायच्या दिवशी मी पण गेलो, कारण आईने मला पाठवलं, "दोघांच्या मध्ये बस, नाहीतर गप्प बसूनच दिवस काढतील." मी मध्ये बसलो. बँकेतल्या बाईंनी कागद पुढे केले, ताईने सही केली, ओळंब्याने सही केली. याची सही पण ओळंब्यात, रेघेवर एकदम सरळ. बाई म्हणाल्या, "अभिनंदन," आणि मग त्यांना कळेना अभिनंदन नक्की कुणाचं करायचं, म्हणून माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. कुणीतरी घ्यायला हवं ना.

ताईने कागद पिशवीत घातले. उठताना माझ्याकडे बघून, म्हणजे तो माझ्या शेजारीच बसलेला असताना, मला म्हणाली, "याला सांग. आईची फरशी सुटली बिटली तर दुसरा कुणी माणूस मी घरात घेणार नाही."

मी याला म्हटलं, "ती म्हणतेय, फरशी सुटली तर..."

"ऐकलं," हा म्हणाला.

ताई दुकानात गेली. आम्ही दोघं बँकेच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, "आता तुला काय म्हणायचं? भावोजी तर संपलं."

"पहिलं होतं तेच."

"ओळंब्या."

"हं."

मग त्याने खिशातून एक नाणं काढलं आणि पायरीच्या फरशीवर टकटक केलं. थोडं सरकून परत टकटक. दुसरा आवाज वेगळा आला, जाड, जसा रिकाम्या डब्यातून यावा.

"ऐकलंस?"

"हो. इथे पोकळ आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे खूश झाला. "आईंच्या पट्टीवर दर महिन्याला असं वाजवायचं. पूर्ण. पलंगापासून दारापर्यंत. एक जरी पोकळ वाजली तर पायाखाली हलेल. हलली की आईंचा भरवसा जाईल. मग त्या परत बसून राहतील." त्याने नाणं माझ्या हातात ठेवलं. "मला तर रोज येता येणार नाही आता."

"वाजवीन," मी म्हटलं. "दर महिन्याला."

"आणि पोकळ वाजली तर?"

"तुला फोन करीन."

"लगेच."

"लगेच."

"स्वतः हात लावायचा नाही."

"अरे नाही लावणार."

"व्हिडिओ बघून पण नाही."

मी जरा थांबलो, कारण खरं तर मी कालच एक बघितला होता. तो माझ्याकडे बघत राहिला, सरळ, न हलता.

"व्हिडिओ बघून पण नाही," मी म्हटलं. "शप्पथ."